अण्णांच्या होडीचं बूच

माझे सासरे अण्णा शेवटची काही वर्षं एकच वाक्य बोलत होते, असं म्हटलं तरी चालेल. हडपसरच्या आमच्या सोसायटीत, उघड्या पार्किंगमध्ये, गाडीच्या जागेवर त्यांची शिडाची होडी लाकडी ठोकळ्यांवर बसलेली असायची आणि अण्णा तिचं पोट पॉलिश पेपरने घासत असायचे. कुणी विचारलं, "काय अण्णा, कधी सोडताय पाण्यात?" की उत्तर ठरलेलं, "थोडं काम राहिलंय." काम काहीही राहिलेलं नव्हतं. हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं.

मी अमरावतीची. आमच्याकडे सासऱ्यांना गुडघेदुखी असते, फार तर राजकारण असतं. होडी असते हे मला लग्नानंतर कळलं. ऑफिसातल्या मैत्रिणी यायच्या असल्या की मी त्यांना मागच्या गेटने वर आणायची. एकीने तरीही पाहिलीच. "तुमच्याकडे समुद्र कुठे आहे गं?" म्हणाली. काय सांगणार, कप्पाळ!

कारखान्याच्या रंगखात्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी ही मोडकी होडी खडकवासल्याच्या एका क्लबातून आणली. तळाचे तडे फायबरची जाळी आणि रेझिन लावून बुजवले, लाकडी डोलकाठीच्या जागी ॲल्युमिनियमची बसवली, सुकाणू नवं केलं. रेझिनच्या वासाने अख्खी बिल्डिंग शिंकायची. वर होडीवर पाटी: "ही होडी आहे. कपडे वाळत घालायची सोय गच्चीवर आहे." दुसऱ्याची चूक दिसली की गप्प बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. गच्ची गळायला लागली तेव्हा भर मीटिंगमध्ये चेअरमनना ऐकवलं, "अहो, भोक केवढंही असो, पाण्याला पत्ता विचारावा लागत नाही."

होडीच्या मागच्या बाजूला, तळाशी, एक भोक असतं. होडी जमिनीवर असली की आत साचलेलं पावसाचं पाणी त्यातून वाहून जातं. पाण्यात सोडताना त्यात बूच घट्ट बसवायचं. अण्णांनी जुनं रबरी बूच फेकून पितळी, आट्यांचं बसवलं होतं. होडी घरी असली की दुसरं कुणी ते हरवेल म्हणून स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचे. आमच्यावर विश्वास कुठे होता!

होडी पहिल्यांदा पाण्यात सोडायची त्या दिवशी अण्णांनी सगळ्या सोसायटीला खडकवासल्याला बोलावलं. सासूबाईंनी पेढे घेतले आणि निघताना हट्टाने अण्णांना नवा पांढरा शर्ट घालायला लावला. नारळ फुटला, शीड फुगलं, होडी झोकात निघाली. आम्ही टाळ्या वाजवत होतो. मग होडी जागच्या जागी थांबली आणि अण्णा हळूहळू बुटके व्हायला लागले.

"अहो, बसलात का?" सासूबाई काठावरून ओरडल्या.

अण्णा बसले नव्हते. ते नव्या शर्टाचा खिसा चाचपत होते.

अंगात लाइफ जॅकेट होतं, पाणी कमरेएवढंच होतं, जिवाला धोका नव्हता. चेअरमन मात्र वाट पाहत असल्यासारखे म्हणाले, "अण्णा, पाण्याला पत्ता सापडला वाटतं!" सगळा काठ हसला. जमिनीने पोटात घ्यावं असं मला झालं. अण्णा निथळत बाहेर आले, कुणाकडे न बघता सासूबाईंना एवढंच म्हणाले, "पेढे वाटू नका."

त्यानंतर होडीवरची पाटी उतरली. मीटिंगला जाणं बंद झालं. दूध आणायलासुद्धा ते अंधारात जायचे. आणि "थोडं काम राहिलंय" सुरू झालं ते तेव्हापासून.

पावसाळा आला की आणखी एक नवीनच. ताडपत्रीखाली पाणी साचायचं आणि अण्णा रोज सकाळी तांब्याने ते उपसत बसायचे. मी बाल्कनीतून सांगायची, "अण्णा, बूच काढा ना! जाईल की आपोआप." "तू ऑफिसला जा," म्हणायचे. लिफ्टमध्ये एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे नळाला पाणी कमी येतं का हो?" माझे कान तापले. निखिल, माझा नवरा, म्हणायचा, "चालू दे गं त्यांचं."

अण्णा थंडीत गेले. दवाखान्यात निखिल म्हणाला होता, "बरे झालात की होडी नेऊ." तिथेही तेच उत्तर मिळालं.

उन्हाळ्यात आम्ही होडी टेम्पोत घालून खडकवासल्याला नेली. पुन्हा एकदा तरी पाण्याला लागावी, एवढंच. सासूबाईंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. त्या दिवशी घरी राहिलेल्या जुन्या शर्टातलं पितळी बूच! "आधी हे लाव," मला म्हणाल्या. "पुन्हा हसं नको."

मी मागे वाकून चाचपलं. भोक नव्हतंच. आतून नाही, बाहेरूनही नाही. फायबर भरून, घासून, वर रंग देऊन असं बुजवलं होतं की नखसुद्धा अडकेना. विसरायला काही ठेवलंच नव्हतं त्यांनी.

"म्हणजे ते रोज तांब्याने..." सासूबाई म्हणाल्या आणि काठावरच बसल्या.

बाल्कनीत उभं राहून त्यांना अक्कल शिकवणारी मी! लाजेने मला सासूबाईंकडे बघवेना.

शीड आम्हाला येत नाही. निखिलने वल्ही घेतली, मी चढले. बरंच आत गेल्यावर मी पायाखाली हात फिरवला. सगळं कोरडं होतं. काठावर सासूबाई बूच मुठीत धरून उभ्या होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "पेढे आणायला हवे होते गं."