गेल्या वर्षीचा जुना चहा

दारव्ह्याच्या जीप स्टँडसमोर एक पेंटर एका चहाची जाहिरात भिंतीवर रंगवत होता. माझी जीप भरेपर्यंत मी पाहत बसलो. निळीत बुडवलेली सुतळी ताणून तो भिंतीवर रेघ उठवायचा, मग रस्ता ओलांडून माझ्याजवळ यायचा आणि एक डोळा मिटून अक्षरे बघायचा. जीपा हॉर्न वाजवायच्या. तो ब्रश उंचावून त्यांना थांबवायचा.

फ्लेक्स आले तेव्हा त्याचे काम गेले होते. आता गेल्याच वर्षी निघालेल्या या चहा कंपनीला लोकांची लहानपणीची आठवण व्हायचे होते, म्हणून हाताने रंगवलेल्या भिंती हव्या होत्या. तेवढ्यात कंपनीचा माणूस पॉलिश पेपर घेऊन आला.

"काका, आता हे घासून टाका. पुसट, जुनं दिसलं पाहिजे."

"कायले घासू? आताच तं रंगवलं."

"मग लोहारा गावातली पुढची भिंत दुसऱ्याला देतो."

तो ब्रश पुसत राहिला. "द्या ना साहेब. मी नवंच रंगवतो. जुनं करनं उन्हाचं काम हाये. आपल्या इकडचं ऊन दोन उन्हाळ्यात करून देते, अन् फुकटात."

जीपवाले हसले. साहेब न हसता गेला.

महिन्याभराने लोहाऱ्याला गेलो, तर भिंतीवर तोच चहा होता, ताज्या लाल रंगात. आणि हा एक डोळा मिटून रस्त्यापलीकडे उभा होता.

मी टपरीवर मुद्दाम तोच चहा मागितला. चहा बेताचाच होता. पण तो पिता पिता समोरचा रंग वाळताना पाहिला.