झिजला म्हणे अंगठा

धसईला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी अर्ज-दाखल्यांचं केंद्र चालवते. लग्न होऊन आले तेव्हा त्या खोलीत भाताच्या कणग्या होत्या. आता तिथे लादी आहे, कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, आणि माझी जीभ आहे, जिला गावातले बरेच जण टरकून असतात.

पावसाळ्यात त्या लादीनेच पंचाईत केली. चिखलाच्या पायांनी आलेल्या बाया काही केल्या उंबरा ओलांडत नाहीत. "तुजी लादी घान होल गो," म्हणतात आणि पडवीच्या पार टोकाला, पायरीजवळ फतकल मारून बसतात. अंगठा देण्यापुरतं त्यांना आत आणायचं म्हणजे रोजची झोंबाझोंबी. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "त्या येत नाय तं तुजी मशीनच धाड त्यांच्याकं." नवऱ्याने कल्याणहून लांबलचक यूएसबी वायर आणली, भिंतीला क्लिपा ठोकून ती पडवीच्या टोकापर्यंत नेली आणि तिथे स्टुलावर अंगठ्याची मशीन ठेवली. बाया खूश, सासूबाई खूश. मी तर येईल त्याला वायर दाखवत सुटले होते.

सुरुवातीला मशीन कधी लागायची, कधी नाही. मग एका सकाळी ती कॉम्प्युटरला दिसेनाशीच झाली. आणि नेमकी त्याच सकाळी डोंगराकडच्या वाडीतली एक म्हातारी जीपने येऊन पायरीवर टेकली.

"बाय, माजा पगार बंद झालाय."

निराधारांना सरकारकडून जे येतं त्याला आमच्याकडे पगारच म्हणतात. तो चालू राहायचा तर आपण जिवंत आहोत हे अंगठा देऊन सांगावं लागतं, आणि त्या दिवशी शेवटची तारीख होती. म्हातारीला पुढेमागे कोणी नाही. मुरबाडला एका ठिकाणी ती जाऊन आली होती. तिथे तिला सांगितलं, आजी, तुमचा अंगठा झिजलाय.

"झिजला म्हंतात," असं म्हणत तिने तो अंगठा पदराआड घेतला.

माझं डोकंच फिरलं. जन्मभर भात लावला, लाकडं फोडली, त्या अंगठ्याची तिने लाज बाळगायची? म्हटलं, "आजी, बसा इथेच. तुमचा पगार चालू झाल्याशिवाय मी आज जेवणार नाही." सासूबाईंनी आतून ऐकलं आणि पुटपुटल्या, "झाला हिचा उपास सुरू."

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मशीनचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. वायरचं आतलं टोक मागच्या भोकातून काढून पुढच्या भोकात घातलं. काही नाही. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, "मॅडम, मशीन गेली, नवीन घ्या." नवीन कुठून आणू? बाजारपेठेतल्या दुसऱ्या केंद्रवाल्याचं नेट बंद होतं, म्हणून त्याची मशीन मागून आणली. पडवीतल्या टोकाला लावली, तर तीही दिसेना. म्हणजे आमची मशीन चांगली होती. वायरवर संशय आला म्हणून माऊस काढून पडवीतल्या टोकाला लावला, तर तो झकास चालला. म्हणजे वायरही चांगली! मग वाईट कोण?

"मीच वो," पायरीवरून म्हातारी म्हणाली. "माज्या अंगठ्याला घाबरून पलली ती."

मला हसू आलं नाही. रडूच यायला लागलं होतं, पण सासूबाईंनी हाक मारली, "नलाला पानी आलाय, ऊठ!" तणतणत गेले. आमचं घर नळाच्या लाइनीत अगदी शेवटचं. वरच्या आळीत हंडा भरून वाहतो तेव्हा आमच्याकडे करंगळीएवढी धार. तांब्या पटकन भरतो, हंडा मात्र जीव खातो. तांब्या भरून बाजूला ठेवला, हंडा नळाखाली सरकवला आणि तशीच उभी राहिले.

माऊसला वीज लागते किती? तांब्याभर. मशीनला हंडाभर लागत असणार, आणि एवढ्या लांबच्या वायरीतून तेवढी पोचतच नसणार.

नळ तसाच वाहता सोडून धावले. खात्री करायला, माऊसपेक्षा जास्त वीज खाणारा पेनड्राइव्ह पडवीतल्या टोकाला लावला. नाही दिसला! आयुष्यात कुठलीही गोष्ट न चालल्याचा मला एवढा आनंद झालेला नाही. मशीन आत नेऊन थेट कॉम्प्युटरला जोडली आणि तिचा लाल दिवा लखकन पेटला. मी एवढ्याने ओरडले की सासूबाई पळत आल्या. "साप निंगाला का गो?"

"मशीन निघाली! आजी, या आत!"

म्हातारीने आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, लादीकडे पाहिलं आणि मान हलवली. हात धरला तर खांबाला बिलगली. एवढा किल्ला सर केला आणि घोडं अडलं ते उंबऱ्यावर. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला. दोघींनी मिळून टेबल उचललं आणि कॉम्प्युटरसकट पडवीत, म्हातारीच्या पुढ्यात आणून ठेवलं. विजेचा बोर्ड तेवढा मागून ओढून घेतला.

म्हातारीने पदराआडून अंगठा काढला, मी तो धरून मशीनवर टेकवला. मशीनने नाकारला. तिचा चेहरा पडला, पण माझी बोटं तेलकट झाली होती. झिजलाय म्हटल्यापासून बिचारी त्याला रोज खोबरेल चोळत होती! सासूबाईंनी राख लावून तो अंगठा भांडं घासावं तसा घासला, धुतला, स्वतःच्या पदराला कोरडा केला. म्हातारीने डोळे मिटले आणि अंगठा टेकवला.

पडद्यावर हिरवी खूण आली. तिचं नाव आलं. जिवंत असल्याची नोंद झाली.

"घेतला?"

"घेतला, आजी. पहिल्यासारखा ठणठणीत आहे."

पडवीतल्या बायांकडे अंगठा नाचवत ती उठली. "झिजला म्हंतात! बगा गो, झिजला म्हंतात!" जीपमध्ये बसल्यावरही खिडकीतून ती तेच ओरडत होती.

नळाचं पाणी अंगणभर झालं होतं. दुपारी मी दोन घास जास्त जेवले. नवऱ्याने संध्याकाळी विचारलं, कॉम्प्युटर आत कधी घेणार? त्याला म्हटलं, ती वायर कपडे वाळत घालायला बांध. कॉम्प्युटर आता पडवीतच राहणार.