दाजींना वाकडी दिसलेली दोरी

आमच्या दाजींच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि फरश्या बसवण्याच्या कामातले माझे गुरू. लग्नानंतर त्यांनी मला हाताशी घेतलं ते आजतागायत सोडलेलं नाही. सिमेंट-वाळूचा माल मी कालवतो, फरशी ते बसवतात, आणि काही बिघडलं तर ते माझ्यामुळे बिघडतं, अशी आमची कामाची वाटणी आहे.

त्यांची एक पद्धत आहे. एक ओळ बसवून झाली की ते जमिनीवर आडवे होतात, गाल फरशीला टेकवतात, डावा डोळा मिटतात आणि उजव्याने सांध्यांच्या रेघेवरून पार भिंतीपर्यंत बघतात. उठून काही बोलले नाहीत तर काम पसंत पडलं असं समजायचं. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. ताईनेही ऐकलेला नाही, असं तिचं म्हणणं आहे.

मागच्या वर्षी एका शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघरात काम चाललं होतं. दाजी आडवे झाले, उठले आणि म्हणाले, लाइनीला पोट आलंय. मला काही दिसेना. पण दाजींना दिसलं म्हणजे असणारच, म्हणून मी मुकाट्याने फरश्या उचलल्या, माल खरवडला, नव्याने बसवल्या. पुन्हा पोट. गेले काही आठवडे प्रत्येक कामावर हे असंच चाललं होतं. तुझा हात बिघडलाय, माल पातळ होतोय, लक्ष कुठं असतं, असे उठता-बसता माझ्या नावाने खडे फोडणं चालू होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की आपलंच काहीतरी बिनसलंय.

त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून बांधली आणि म्हटलं, आता बघा. दाजी आडवे झाले. बराच वेळ उठेनात.

"दोरीपण वाकडी आहे," ते म्हणाले.

"ताणलेली दोरी वाकडी कशी असेल, दाजी?"

बाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सहज सुचवलं, दुसऱ्या डोळ्याने बघा की. दाजींनी उजवा मिटला, डावा उघडला. मग डावा मिटला, उजवा उघडला. असं दोन-तीनदा केलं आणि उठून बसले. चूक माझी नव्हती हे सिद्ध झालं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत सटकू नयेत म्हणून मीही बरोबर. डॉक्टरीणबाई आमच्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी चौकटीचौकटींचा एक कागद पुढे धरला. हे तर स्वयंपाकघर झालं, असं म्हणत दाजी हसले. डावा डोळा मिटून बघायला लावलं तेव्हा हसू मावळलं. मधल्या चौकटी वाकलेल्या होत्या आणि मधोमध धुरकट डाग.

डोळ्याच्या आत जो पडदा असतो त्याचा मधला भाग वयानुसार झिजतो, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कधीकधी त्याच्या खाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात, पडदा फुगतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो, म्हणून बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण उरलेली सांभाळता येते, आणि त्यासाठी इंजेक्शन घ्यावं लागेल.

"कुठं?" दाजींनी विचारलं.

डोळ्यात, हे उत्तर ऐकून त्यांची पाचावर धारण बसली. हातोडीने नख फुटलं तरी न विव्हळणारा माणूस ताईचा हात धरून बसला. प्रत्यक्षात थेंब घालून डोळा बधिर केला आणि ते 'झालं?' म्हणेपर्यंत काम उरकलंही होतं.

मग निघाल्या बाकीच्या गोष्टी. घरात कुणाला होतं का? दाजींची आई शेवटी माणसं आवाजावरून ओळखायची. आम्ही त्याला म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. वय आणि आईकडून आलेलं काही बदलता येत नाही, बाई म्हणाल्या, पण सिगरेट तुमच्या हातात आहे, आणि या आजाराला तिच्याइतकं खतपाणी दुसऱ्या कशाचं नाही. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. हिरव्या पालेभाज्या, मासे खायचे. रोज चालायचं. आणि घरी एकेक डोळा मिटून तो कागद बघत राहायचा, काही बदललं तर लगेच यायचं, कारण तपासताना डाव्या डोळ्यातही बारीक ठिपके दिसले होते.

ताईला तर रानच मोकळं मिळालं. घरात पालेभाजीशिवाय पान वाढलं जाईना. आम्ही काय गुरं आहोत का, असं दाजी करवादत आणि ताट चाटूनपुसून साफ करत. सिगरेट सोडताना मात्र त्यांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. दुपारच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून एकट्याने ओढायला माझा जीव होईना, म्हणून मीही सोडली. त्यावरही ते म्हणाले, माझी नक्कल करतोस.

इंजेक्शनं होत गेली. डाग वाढायचा थांबला, रेघ बरीच सुधारली, पण पूर्ववत झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली आणि आम्ही एका दिवाणखान्याचं काम धरलं. मी दोरी ताणून बांधली, पहिली ओळ बसली. दाजी आडवे झाले. या वेळी उजवा मिटला आणि डाव्याने पाहिलं. उठले. पुन्हा आडवे झाले, पुन्हा पाहिलं. मी खडे फुटायची वाट बघत उभा होतो.

"तू बघ," ते म्हणाले. "माझा मला भरवसा वाटत नाही आता."

इतकी वर्षं त्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण त्यातली एकही या बोलण्याइतकी लागली नव्हती. मी आडवा झालो, गाल टेकवला, डोळा मिटला. रेघ सरळ होती. मग डोळा भरून आला आणि काहीच दिसेना, तसाच पडून राहिलो. दाजी शेजारी उकिडवे बसून होते.

"वाकडी आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही दाजी. अगदी सरळ आहे."

त्यांनी दोरीकडे पाहिलंही नाही. मान डोलावली आणि पुढची फरशी मागितली.