बांधावरचे रविवार

चार माणसं गाळ उपसायला जमली की गाळ कमी होतो आणि किस्से वाढतात. मला हसवायची सवय नाही. आयुष्यभर तंजावुरात वेल्डिंग केलं, शाळा फारशी नाही. घडलं तेवढं सांगतो.

पापनाशमजवळ आमच्या घरामागं नदीचा बांध आहे. गेल्या पावसात तो फुटला आणि पाणी थेट स्वयंपाकघरात आलं. चेन्नईहून मुलगा प्रकाश धावत आला. म्हणाला, "अप्पा, पुन्हा पाणी आलं तर दोघांनी माझ्याकडं राहायचं." त्याचं घर सातव्या मजल्यावर. बायकोनं कबूल केलं. मला विचारलं नाही!

पुढच्या रविवारपासून मी बांधावर कामाला.

*

आमचे पुढारी मुरुगन सार, रिटायर्ड इंजिनिअर. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना हातमोजे वाटले. थोड्या वेळानं बघतात तर केळीवाला सेल्वम उघड्या हातांनी काचा वेचतोय.

"ग्लव्ज कुठं?"

सेल्वमनं खिशातून काढून दाखवले. घडीही मोडली नव्हती.

"चिखलात खराब होतील, सार!"

*

गाळात स्टीलचा हंडा सापडला. एका बाजूला पोचा. आमच्याकडं लग्नातल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरतात. यावर नाव रामोजीरावांचं. वय ऐंशीच्या पुढं, गावातलं एक लग्न चुकवत नाहीत आणि प्रत्येक लग्नात हंडाच देतात. त्यामुळं पाच घरं भांडायला आली. "आमचाच!"

रामोजीराव आले. "नाव कुणाचं आहे?" एवढंच विचारलं आणि हंडा घेऊन गेले.

पुढं सेल्वमच्या मुलीचं लग्न झालं. आहेरात हंडा होता. पोचा तसाच.

*

बांध धरून राहावा म्हणून ताडाच्या बिया पुरत होतो. रामोजीरावांनी विचारलं, "फळ कधी धरेल?"

"वीसेक वर्षांनी," सार म्हणाले.

"मग दोन-चार माझ्या घराजवळ पुरा. तेव्हा एवढं लांब चालवायचं नाही."

*

उतारावर वाळा लावला. उन्हाळ्यात निम्मी रोपं उपटलेली! मुळं कुणी नेली, हे विचारत सार घरोघर फिरले. प्रत्येक घरानं आधी प्यायला पाणी दिलं. प्रत्येक पाण्याला वाळ्याचा वास. सार स्वतःच्या घरी गेले. तिथं बाईसाहेबांनी पाणी दिलं.

चौकशी तिथंच संपली. पुढच्या रविवारी सारांनी स्वतः नवा वाळा लावला.

*

आडी, म्हणजे तमिळांचा आषाढ, आला. नदी दोन्ही काठ भरून. पाणी चढत चढत वाळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचलं. प्रकाश गाडी घेऊन हजर. डिकी उघडी, आमच्या दोन पेट्या आत. मी बांधावर पाण्याकडं बघत उभा.

आडीच्या अठराव्या दिवशी इथल्या बायका नदीची पूजा करतात. बायको सूप घेऊन आली. सुपात खण, नारळ, तांदूळ, बांगड्या.

"अम्मा, गाडीत बस. नंतर कर," प्रकाश ओरडला.

तिनं लक्ष दिलं नाही. सूप माझ्या हातात दिलं, पदर खोचला, पाण्याशी वाकली. सुवासिनीची भरावी तशी नदीची ओटी भरली. मग तिला म्हणाली,

"गेल्या खेपेला घरी आलीस, गडबडीत ओटी भरायची राहिली. ही घे. आता त्यासाठी परत यायला नको!"