भिंती नसलेल्या घरातलं वाचन

संध्याकाळी गावात घंटा होई. घंटा म्हणजे फणसाच्या झाडाला टांगलेली गॅसची रिकामी टाकी. लोखंडी दांड्यानं ती बडवायची. मग रस्त्यावरचा माणूस जिथं असेल तिथून घराकडे पळायचा, पोरं समुद्रातून ओली बाहेर यायची आणि घराघरांतून कौटुंबिक उपासना सुरू व्हायची. सवाई बेटावरच्या त्या गावात सगळ्यांची वेळ एकच. पण सगळ्यांच्या वर आवाज चढायचा तो फुआतिनोचा.

घरांना भिंती नव्हत्या. खांब, वर छप्पर, खाली चटया, बस्स. वारा यावा म्हणून बांधलेली घरं ती. वाऱ्याबरोबर शब्दही ये-जा करायचे. फुआतिनोला हे पुरतं ठाऊक होतं. ती शास्त्रपाठ वाचायची तो देवासाठी, घरच्यांसाठी आणि शेजारणीसाठी, आणि ह्यात पहिला मान कुणाचा ते दिवसावर अवलंबून असायचं.

शेजारच्या आलीतासीच्या डुकरांनी एकदा हिच्या आळूचा वाफा उकरला. फुआतिनो भांडायला गेली नाही. संध्याकाळी तिनं तो उतारा काढला, ज्यात भुतं डुकरांत शिरतात आणि सगळा कळप कड्यावरून समुद्रात कोसळतो. ‘डुकरं’ हा शब्द आला की ती थांबायची, श्वास घ्यायची आणि खांबांमधून पलीकडे बघून म्हणायची, “डु-क-रं!”

उपासना संपल्याबरोबर पलीकडून आवाज आला, “आमेन गं बाई! आणि तुमचा तो कोंबडा पहाटे तीनदा ओरडून माझी झोप मोडतो, त्याचा अध्याय कधी वाचणार?”

फुआतिनोचा नवरा पेनियामिना तोंडावर हात धरून इतका हसला की शेवटच्या प्रार्थनेचं ‘आमेन’ म्हणायचं राहूनच गेलं.

तर वचन हे फुआतिनोच्या हातातला दगड होतं. कुणी उशिरा उठलं की आळशाला मुंगीकडे पाठवणारं वचन. कुणी उलट बोललं की जिभेला आगीची उपमा देणारं. घरातला जो तो आधी उतारा ऐकायचा आणि मग आज आपली पाळी आहे का, ते बघायचा.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती मानोनो बेटावरून लग्न होऊन इथं आली तेव्हा तिची सासू तिला नावानं हाक मारत नसे. “ए मानोनोवाली, पाणी.” “मानोनोवालीला सांगा, शेवटी जेव.” त्या घरात हिला आवाज चढवायची मुभा एकाच वेळी मिळायची, शास्त्रपाठ वाचताना. तेव्हा सासूसुद्धा मान खाली घालून बसायची. मग आवाज वाढत गेला. सासू वारली, आणि आवाज मोठा तो मोठाच राहिला.

आता घरात सून होती, सौनोआ. मुलगा याकोपो सफरचंदं तोडायच्या हंगामासाठी न्यूझीलंडला गेलेला. सौनोआ आपल्या लेकीला, फेतूला घेऊन सासरी राहायची, चुलीपासून चटयांपर्यंत सगळं बघायची. तीही दूरच्या गावची, बेटाच्या पार पश्चिमेकडची. फुआतिनो तिला “ए” म्हणायची, लोकांत “याकोपोची बायको” आणि रागात “ती पलीकडची.” सौनोआ मात्र पहिल्या दिवसापासून तिला “आई” म्हणत आली होती.

एका रविवारी चर्चच्या नव्या पाळकांचं गावात पहिलं जेवण होतं. उपासनेत पाळकांनी एक नवी गोष्ट सुचवली. “हा आठवडाभर प्रत्येक घरानं एकच उतारा वाचायचा. रोज तोच. वाचून झाल्यावर गप्प बसायचं. मग ज्याच्या मनाला जो शब्द चिकटला असेल तेवढा त्यानं म्हणायचा. अर्थ सांगायचा नाही, उपदेश करायचा नाही. वचन जून खोबऱ्यासारखं असतं. चावत राहा, मग गोड लागतं.” उतारा घरातल्या थोरांनी निवडायचा होता. फुआतिनोनं मान डोलावली. निवडणं हे तर तिचंच काम.

पण तेव्हा तिचं मन घरच्या तापल्या दगडांवर होतं. आळूच्या पानांत नारळाचं घट्ट दूध भरून बांधलेल्या पुड्या तिथं शिजत होत्या, आणि आपल्या घरचं ताट पाळकांपुढे पहिलं जावं असा तिचा हट्ट होता. ते पहिलंच गेलं. पाळकांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि घसा धरला. आळू कच्चा राहिला होता. डोळ्यांतून पाणी, ठसका, पाळकबाई पाठ चोळताहेत, गावातले सगळे प्रमुख चटईवर बसून बघताहेत.

“माफ करा हो!” फुआतिनो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “आमच्या सुनेच्या हातचं आहे. तिच्या गावाला बहुतेक असंच खात असतील.”

लोक हसले. कडेच्या खांबापाशी पंखा घेऊन बसलेल्या सौनोआनं मान खाली घातली आणि पंखा हलवत राहिली.

सोमवारी संध्याकाळी घंटा झाली. फुआतिनोनं उतारा काढला तो रूथचा. सासू नामी आणि तिच्या विधवा सुना. मोआब देशातून आपल्या गावी परतीची वाट. आणि सासूला सोडून न जाणारी ती आदर्श सून रूथ. “हाच आठवडाभर,” ती म्हणाली आणि सौनोआकडे न बघता बघितलं.

वाचन झालं. मग गप्प बसायचं होतं. फुआतिनोला गप्प बसायची सवय नव्हती. दूर खडकावर लाटा फुटत होत्या, आलीतासीच्या घरी कुणीतरी अडखळत वाचत होतं.

“भाकर,” पेनियामिना म्हणाला.

“अहो, एवढ्या मोठ्या वचनात तुम्हाला भाकर सापडली?”

“देवानं आपल्या लोकांना भाकर दिली, असं लिहिलंय. मी नाही घातली त्यात.”

“मुके!” फेतू म्हणाली आणि लाजून आईच्या मांडीत तोंड लपवलं. “ती म्हातारी सुनांचे मुके घेते ना, ते.”

सौनोआ हळूच म्हणाली, “आईच्या घरी.”

फुआतिनोनं घसा साफ केला. “मला चिकटलं ते असं: तुम्ही जाल तिथं मी येईन. म्हणजे बघा, सून म्हटली की...”

“शब्द सांगायचा, प्रवचन नाही,” पेनियामिना पुटपुटला.

मंगळवारी तेच. भाकर, मुके, आईच्या घरी. बुधवारी फुआतिनोनं पुन्हा मोठ्यानं वाचलं आणि पुन्हा ती शांतता आली. तिनं आपलं मन समुद्राकडे लावलं, मग आलीतासीच्या घराकडे; पण मन ऐकेना, ते रविवारच्या सकाळी जाऊन बसलं. दगडांवर केळीची पानं पसरलेली. सौनोआच्या हातात चिमटा. आणि सौनोआचा आवाज, अगदी जसाच्या तसा: “आई, अजून थोडा वेळ. पानं कच्ची राहतील.” आणि मग तिचा स्वतःचा: “काढ म्हणते ना! आलीतासीची पोरं टोपली घेऊन निघालीसुद्धा. काढ!”

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण ‘सुनेच्या हातचं’ असं लोकांपुढे म्हटल्यापासून ते खरंच सुनेच्या हातचं झालं होतं, तिच्यापुरतं तरी. आता ती गोष्ट घशात उभी राहिली. कच्च्या आळूसारखीच खाजत राहिली. पेनियामिना तेव्हा तिथंच दगड बाजूला करत होता. त्यानंही ऐकलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, तर तो डोळे मिटून बसलेला.

“तुझा शब्द?” त्यानं डोळे न उघडता विचारलं.

“तोच. कालचाच,” ती घाईनं म्हणाली.

गुरुवारी दुपारी फेतूच्या तोंडून निसटलं. “आजी, मामा शनिवारी गाडी घेऊन येणार. मी माझी रविवारची टोपी पिशवीत भरली पण.”

“कुठं जायला?”

“आईच्या आईच्या घरी. राहायला.” पोरीनं जीभ चावली. “तुला सांगायचं नव्हतं का?”

फुआतिनो तडक नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. तो जाळं दुरुस्त करत होता. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं. मला विचारलं तिनं.”

“आणि मला?”

“तुला विचारायला भीती वाटते तिला.”

“भीती! मी काय वाघीण आहे? थांबा, आज संध्याकाळी ते रूथचं वाक्य असं वाचते की...”

“वाच की,” पेनियामिना जाळ्याची गाठ दातांनी ओढत म्हणाला. “ऐकणारी निघालीच आहे. शेजारीण आहे ऐकायला.”

ती वळून चुलीकडे गेली. एरवी ह्याला तिच्यापाशी बारा उत्तरं असती.

शुक्रवारी घंटा झाल्यावर पेनियामिना म्हणाला, आज प्रत्येकानं एकेक तुकडा वाचू. नामीचं बोलणं सौनोआच्या वाट्याला आलं. तिनं ते अगदी साधं वाचलं, जसं कुणी घरातलं माणूस बोलतं तसं. परत जा, नामी म्हणत होती. माझ्याबरोबर येऊन तुमचं काय भलं होणार? आणि दर थोड्या वेळानं सुनांना हाक मारत होती.

मग शांतता.

“भाकर.”

“मुके.”

सौनोआनं पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “माझ्या मुलींनो.”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. टोमणा असता तर फुआतिनोनं तो झेलला असता, परत फेकला असता. त्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण ती पोर नुसती आपल्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत होती. हवी असलेली वस्तू दुसऱ्याच्या दारात बघावी, तशी.

इतकी वर्षं फुआतिनोनं हा उतारा वाचला होता आणि रूथ काय म्हणाली तेवढंच तिला पाठ होतं. नामी काय म्हणाली, ते तिनं कधी ऐकलंच नव्हतं. नामीनं परक्या देशातल्या पोरींना मुली म्हटलं. त्यातली एक रडून माघारी गेली, तिलाही नामी वाकडा शब्द बोलली नाही. आणि आपण? मानोनोवालीनं ‘पलीकडची’ तयार केली. सासूचा वारसा म्हणून हीच एक चीज आपण जपून ठेवली. शरमेनं तिला वाटलं, आज ह्या घराला भिंती असत्या तर बरं झालं असतं.

सगळे तिच्या शब्दाची वाट बघत होते. शेजारचं वाचनही थांबलं होतं.

“मला आज शब्द नाही,” फुआतिनो म्हणाली.

ताटं उचलताना पेनियामिनानं तिला एकटीला गाठलं. “काय करतेस आता? ती भारी चटई काढायची, डोक्यावरून घ्यायची आणि अंगणात बसायचं, आपल्याकडे खुनाची माफी मागतात तसं?”

“थट्टा करू नका.” तिचा आवाज चिरका झाला. “आणि तसं बसले तर तेही वाचनच होईल माझं. अख्खा गाव बघायला येईल, आणि मला ते आवडेल.”

पेनियामिनाचं हसू मावळलं. हे तिच्या तोंडून येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सौनोआ मागच्या स्वयंपाकाच्या छपराखाली राख भरत होती. जायच्या दिवशीही. फुआतिनो जाऊन उकिडवी बसली, एक दगड उचलला, परत ठेवला.

“रविवारी दगड लवकर काढायला मी लावलं.”

“मला माहितीये, आई. चिमटा माझ्याच हातात होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्या आवाजावर कोण बोलणार?” सौनोआनं टोपली खाली ठेवली. “वाईट आळूचं नाही वाटलं. माझ्या गावाचं नाव घेतलंत त्याचं वाटलं. सगळे हसले.”

“पाळकबाईंना आज जाऊन सांगते मी.”

“हळूच? मागच्या दारानं?” सौनोआ पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत होती. “माझं नाव सगळ्यांसमोर घेतलंत, आई.”

फुआतिनोनं हात पुढे केला आणि राखेची टोपली उचलली. ती तिनं टाकून आणली, हात धुतले आणि सुनेची पिशवी भरायला बसली. फेतूच्या टोपीवर कपडे दडपले होते. टोपी काढून सगळ्यांत वर ठेवली, चुरगळू नये म्हणून. अर्धी विणलेली चटई गुंडाळून द्यायला लागली, तर सौनोआ म्हणाली, “ती राहू दे. ओझं होईल.” ओझं, की आणखी काही? विचारायचं फुआतिनोचं धाडस झालं नाही.

सौनोआच्या भावाची गाडी आली. फेतू मागे चढली, आजोबांना हात करायला लागली. सौनोआ पाया पडल्यासारखी वाकली आणि वळली.

“जा, मुली,” फुआतिनो म्हणाली.

किती बारीक आवाज! गाडीचं इंजिन चालू होतं. सौनोआ क्षणभर थांबली, म्हणजे ऐकू गेलं असावं. पण ती रूथ नव्हती. ती गाडीत बसली आणि गेली, आणि तिच्यावर फेकायला फुआतिनोच्या हातात एकही वचन नव्हतं.

रविवारी गावाच्या जेवणाआधी ताटं मांडली गेली तेव्हा फुआतिनो उभी राहिली. “मागच्या रविवारचा आळू,” ती म्हणाली, “मी घाई करून काढायला लावला. सून नको म्हणत होती. मी तिच्यावर ढकललं. तिच्या गावाला आळू नीट शिजवतात.”

कुणी हसलं नाही. पाळकांनी मान हलवली. आलीतासी तोंड उघडं टाकून बघत राहिली, आणि मंगळवारच्या बसनं ही बातमी पश्चिमेला पोचणार हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. फुआतिनो खाली बसली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. तिनं आपलं ताट बाजूला सरकवलं.

संध्याकाळी घंटा झाली. चटईवर दोघंच. फुआतिनोनं तोच उतारा उघडला आणि वाचायला लागली. नामी आपल्या गावात परत येते आणि बायकांना म्हणते, भरलेली गेले होते, रिकामी परतले, तिथपर्यंत. वाचून झाल्यावर दोघं गप्प बसली. समुद्र वाजत होता.

“भाकर,” पेनियामिना म्हणाला. मग थोडं थांबून, “तुझा?”

“रिकामी.”

खांबांपलीकडून आलीतासी ओरडली, “अगं, आज काय वाचलंत? काही ऐकू आलं नाही!”

फुआतिनोनं पुस्तक मिटलं. उत्तर पेनियामिनानं दिलं.

“आज आमच्यापुरतं होतं, आलीतासी. जा, जेवून घे.”