आत्यांचा सातवा दिवस

देवानं सहा दिवसांत अख्खं जग उभं केलं आणि सातव्या दिवशी तो निवांत बसला. आमच्या बायकोच्या आत्यांना मात्र ते तेवढ्यात कधीच उरकलं नाही. दर उन्हाळ्यात शिरूरच्या आमच्या जुन्या चर्चच्या आवारात त्या लहान मुलांची बायबल शाळा भरवतात. सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते बारा. चाळीस पोरं गोळा करायची आणि कागद, गोंद, चिंध्या आणि घोडनदीची माती यांतून विश्व घडवायचं. ते विश्व दर वर्षी पाचव्या दिवशी, मासे आणि पाखरं यांच्यात अडकतं. मग शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात माणूस कसाबसा उरकला जातो आणि सातवा दिवस राहूनच जातो. "घाईत केलाय, म्हणून तर माणूस आसा झालाय," असं आत्या म्हणतात आणि का कोण जाणे, दर वेळी माझ्याकडं बघतात.

मी मूळचा दौंडचा. नोकरी रांजणगावच्या एका कारखान्यात, क्वालिटी तपासणीत, राहतो कारेगावला. शिरूर माझी सासुरवाडी. जावयाला सासुरवाडीत मान असतो असं मी ऐकून होतो. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आत्यांनी माझ्या अंगावर काळं घोंगडं टाकलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही अंधार व्हा." पहिल्या दिवसाचा खेळ असा असतो, की अंधारानं आवारभर पळायचं आणि पोरांनी बॅटऱ्या घेऊन त्याला हाकलायचं. मे महिन्यात. घोंगड्यात. तेव्हापासून अंधार, गोंद आणि शाळा सुटल्याची घंटा ही तीन खाती माझ्याकडं आहेत. शिरूरच्या भर बाजारात आजही कुणीतरी पोरगं "अंधारकाका!" अशी आरोळी ठोकतं आणि आमची बायको दुकानदारासमोर पोट धरून हसते.

आत्या आयुष्यभर नर्स होत्या. त्यामुळं त्यांना शंकेला जागा ठेवायची सवय नाही. उजेड पहिल्या दिवशी आला आणि सूर्य चौथ्या दिवशी, हे कसं काय, असं एका चुणचुणीत पोरानं एकदा विचारलं. मी खाली बघत गोंद ढवळायला लागलो. आत्या म्हणाल्या, "आपल्याकडं न्हाई का? आधी लाईट येती, मीटर मागनं बसतो." पोराला पटलं. मलाही पटलं. दुसऱ्या दिवसाला त्या वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करतात. खालचं पाणी घमेल्यात, वरचं पिशव्यांत भरून दोरीला. एका वर्षी चर्चचे पाळकसाहेब पाहणी करायला नेमके दोरीखाली उभे राहिले आणि वरच्या पाण्यातलं बरंचसं त्यांच्यावर आलं. "अंतराळाला गाठ नीट मारायची आस्ती," एवढंच बोलून आत्यांनी पाळकसाहेबांना टॉवेल दिला, तोही समुद्राच्या घमेल्याखालचा ओढून.

पण घोडं अडायचं ते आत्यांच्या एका नियमापायी. देवानं प्रत्येक गोष्ट केल्यावर तिच्याकडं बघितलं आणि ती चांगली आहे असं म्हटलं. तेव्हा आपणही काहीही केलं, की दोन पावलं मागं सरायचं, हात कमरेवर, मान जरा तिरकी, नीट बघायचं आणि म्हणायचं, "चांगलं झालंय." त्याशिवाय वस्तू झाली असं धरायचंच नाही. आत्या भाकरीसमोर मागं सरतात. धुतलेल्या चादरीसमोर सरतात. आमच्या साखरपुड्यात त्या माझ्यासमोरून दोन पावलं मागं सरल्या होत्या. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हं. होईल."

आता चाळीस पोरं, दर पोराचे चार मासे आणि तीन पाखरं, आणि एकेका माशापुढं आत्यांची दोन पावलं! मी एकदा सुचवून बघितलं, "आत्या, मासे सगळे एकदम बघितले तर?"

"तुमच्या कंपनीत चालत आसंल. शंभरातला एक तपासायचा आन् खोकं पाठवायचं," आत्या म्हणाल्या. "ह्यो मासा कुण्या पोरानं केलाय, जावईबापू."

औंदा मात्र त्यांनी सोमवारीच मला बाजूला घेतलं. त्यांचे गुडघे पार गेले होते. शाळा संपली, की लेक त्यांना कायमची नाशिकला नेणार होती. "ही शेवटची खेप हाय," त्या म्हणाल्या. "औंदा सातवा दिवस करायचाच. एकदा तरी पुरं झालेलं बघायचंय मला." एवढं बोलून त्या खुर्ची उचलायला धावल्या. खुर्ची मी त्यांना बसायला आणली होती. ती त्यांनी ढगांना दिली.

कारेगावला आमच्या शेजारचे लोक बिहारकडचे. त्यांची सहा वर्षांची गुड्डी मी गाडीवर पुढं बसवून रोज आणत होतो. तिला मराठीचा गंध नाही. पण मंगळवारपासून दोन शब्द आले. ती दोन पावलं मागं सरून चर्चच्या नळाला, पाळकसाहेबांच्या स्कूटरला आणि माझ्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीला "चांगलं झालंय" म्हणू लागली.

शुक्रवारी मासे सुरू झाले. अकरा वाजले तरी आत्या विसाव्या पोरापाशीच. गुडघ्यावर हात ठेवून मागं सरायच्या, पुढं व्हायच्या. इकडं गुड्डीनं मात्र रांगेतल्या पोरांचे मासे परस्परच बघायला घेतले होते. मागं सरायची, मान तिरकी, "चांगलं झालंय", पुढचा. पोरंही नीट उभी राहून मासा दाखवत होती. आत्या कमरेवर हात ठेवून थांबल्या. आता पोरीला काय ऐकायला मिळतंय म्हणून मी खाली बघत घंटा पुसायला लागलो.

"बरं हाय," आत्या सावकाश म्हणाल्या. "एकमेकांचं बघा रं. पर दोन पावलं मागं, हां! कुणी पाऊल खायाचं न्हाई."

औंदा पाचवा दिवस पाचव्याच दिवशी संपला.

शनिवारी प्राण्यांसाठी कवठे येमाईच्या एका आबांनी शेळी आणली होती. "लई गरीब हाय, कुणाला शिंग लावायची न्हाई," आबा म्हणाले. खाण्याविषयी ते काही बोलले नाहीत. आम्ही मातीचे बैल घडवतोय तोवर शेळीनं तिसरा दिवस खाल्ला. अख्खा. हिरव्या कागदाची झाडं, वर चिकटवलेली खरी पानं, फळं, सगळं. पोरांनी हंबरडा फोडला. मी कात्री आणि गोंद घेऊन धावलो. नवी झाडं म्हणजे दीड तास, म्हणजे सातवा दिवस पुन्हा गेला.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू. हिरवा पाला जनावरालाच तर दिलाय देवानं. ती काय चुकली?" आत्यांनी शेळीच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत त्यांनी काही तसंच राहू दिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

सव्वाअकराला माणसं झाली. माझा माणूस एका बाजूला कलला होता. आत्या दोन पावलं मागं सरल्या आणि म्हणाल्या, "हं."

मग सतरंज्या अंथरल्या. सातव्या दिवसाचा खेळ सोपा होता. आडवं व्हायचं, काही करायचं नाही. जो हलेल तो बाद. आत्या मधे उभ्या राहून बोट दाखवत होत्या, "ए, पाय! ए, नाक खाजवलंस!"

एक पोरगी डोळे मिटूनच म्हणाली, "आत्या, तुमीच लई हलताय. तुमी बाद."

"मी पंच हाय."

"मग देवबी पंच व्हता का?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्ची पुढं केली. त्या नेहमीसारख्या अगदी कडेला बसल्या, उठायच्या तयारीत. मग जरा मागं सरकल्या. मग पाठ टेकली. दोन मिनिटांत मान खांद्यावर कलली आणि बारीक घोरणं ऐकू यायला लागलं.

एकेक डोकं वर झालं. कुणी हसलं नाही. गुड्डी उठली, आत्यांसमोर गेली, दोन पावलं मागं सरली, हात कमरेवर, मान तिरकी. बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "चांगलं झालंय."

आणि परत येऊन आडवी झाली.

बारा वाजले. फाटकापाशी आईबाप येऊन थांबले. त्यांनी आत डोकावलं आणि तेही गप्प झाले. घंटा माझ्याच हातात होती. मी तिचा लोलक मुठीत धरला आणि तसाच उभा राहिलो.