अडलेली वाळू

ताडपत्रीवालीचं आणि तिच्या भावाचं लहानपणापासून पटत नव्हतं, हे समुद्रालगतच्या आमच्या घरांच्या रांगेत सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनी जागेचे दोन सारखे तुकडे केले होते, दोन्हींचं तोंड पाण्याकडे. भावाने जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधून दिली होती, त्यामुळे स्वतःसाठी त्याने दुमजली घर उठवलं. बहिणीने वडिलांची जुनी खोली ठेवली आणि तिच्यात जाड सुईचं मशीन मांडून होड्यांच्या नि ट्रकच्या ताडपत्र्या शिवायला लागली. लग्न तिने केलं नाही. कोणी विषय काढलाच तर म्हणायची, एका भावाने पुरुषांची पुरेशी ओळख करून दिली आहे.

भाऊही काही कमी नव्हता. बहिणीचा विषय निघाला की तो "शेजारची बाई" म्हणायचा.

वादळी महिन्यांत भावाच्या अंगणापुढची वाळू दरवर्षी थोडी कमी व्हायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, भरती सगळ्यात वर चढते तेव्हा, पाणी त्याच्या फाटकाला लागायला लागलं. त्याने ट्रक भरभरून काळे दगड आणवले आणि दोन जागांच्या बरोबर हद्दीवरून समुद्रात शिरणारा एक बांध घातला. बहिणीला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. तेव्हा तर तिला रागही आला नाही. भाऊ समुद्राला शिस्त लावायला निघालाय, म्हणून ती चार जणांत हसली.

हसू फार टिकलं नाही. आमच्याकडे लाटा किनाऱ्यावर सरळ येत नाहीत, तिरक्या येतात. लाट वाळू घेऊन तिरकी चढते आणि परतताना उताराने सरळ खाली घसरते, त्यामुळे वाळू दर लाटेला जराशी बाजूला सरकते. शिवाय काठाला धरून पाण्याचा एक प्रवाहही त्याच बाजूला चालू असतो. पाण्यात पडलेला रिकामा डबा काठाकाठाने माणसाच्या चालीने जाताना दिसतो, तो त्याच प्रवाहामुळे. किनारा जागच्या जागी असल्यासारखा वाटतो खरा, पण त्याची वाळू मागून येत असते आणि पुढे जात असते. भावाच्या घरापुढून ती बहिणीच्या घरापुढे यायची. दगडांनी तिची वाट अडवली. भावाकडे पांढरीशुभ्र वाळू साठत फाटकापासून चांगली लांबवर गेली. बहिणीकडची वाळू पाणी नेहमीसारखं पुढे नेत राहिलं, पण तिच्या जागी नवी येईना. आधी तिची खाली उतरायची पायरी अधांतरी राहिली, मग पायाचे दगड उघडे पडले.

बंदर खात्याच्या इंजिनियर बाई पाहायला आल्या. त्यांनीच हे सगळं आम्हाला काठीने वाळूवर रेघा काढून समजावलं. निघताना त्या सहज बोलून गेल्या, की बांध घालण्याआधी हेच त्यांनी भावालाही सांगितलं होतं.

ताडपत्रीवाली तशीच तडक भावाच्या दारात गेली. आम्ही कुंपणाशी उभे होतो.

"तुला माहीत होतं?"

"होतं," भाऊ म्हणाला. "कोणाची तरी वाळू जाणारच होती. माझी का जाऊ द्यायची?"

आम्हाला वाटलं, आता शिव्याशाप होतील, पण ती परत येऊन मशीनवर बसली. त्या दिवशी तिने शिवलेली ताडपत्री मी नंतर पाहिली. शिवण एकदा इकडे, एकदा तिकडे गेली होती. तिच्या हातचं तसं काम मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढच्या वादळी महिन्यात उधाणाची भरती आणि समुद्रावरून येणारा वारा यांची एकाच दुपारी गाठ पडली. लाटा थेट भिंतीवर आपटायला लागल्या. ताडपत्रीवाली कापडाचे गठ्ठे बाहेर फेकत होती. तेवढ्यात भावाची बायको पदर खोचून धावत आली आणि दोघींनी मिळून मशीन ओढत रस्त्यावर आणलं. भाऊ वरच्या गॅलरीत उभा होता. त्याने बायकोला दोनदा हाक मारली. वहिनीने मान वळवली नाही. समुद्राकडची भिंत आधी बसली, मग छप्पर, आणि संध्याकाळी ओहोटी लागली तेव्हा तिथे अर्धा चौथरा आणि एक दाराची चौकट उरली होती.

वहिनी म्हणाली, "वन्सं, आमच्याकडे चला."

"येते," ताडपत्रीवाली म्हणाली, आणि खरंच गेली. पण घरात नाही. भावाच्या फाटकाबाहेर, त्या नव्या वाळूवर, तिने बांबू रोवले, चारी बाजूंनी निळी ताडपत्री ताणली आणि आत मशीन मांडलं. सकाळी भावाने खिडकी उघडली तर समोर समुद्र नाही, निळी भिंत.

तो तरातरा खाली आला. "हे काय चाललंय?"

"काम."

"माझ्या जागेत?"

"तुझी जागा फाटकापर्यंत. ही वाळू माझ्याकडे निघाली होती, तू अडवलीस. ती येत नाही म्हणून मी आले."

भावाने नगरपालिकेचा माणूस आणला. त्याने पाहणी केली आणि सांगितलं की फाटकाबाहेरची वाळू कुणाच्याच मालकीची नाही. मग त्याने दगडांकडे पाहत विचारलं, हे घालायची परवानगी कोणी दिली? त्यानंतर भावाने तक्रारीचं नाव काढलं नाही.

दोन-अडीच वर्षं हे चाललं. भाऊ जेवून आडवा झाला की मशीन सुरू व्हायचं. जाड कापडातून सुई जाताना जो आवाज येतो, तो थेट कवटीत शिरतो. भावाने न्हाणीघराचं पाणी तिच्या तंबूकडे सोडलं, तिने चर खणून ते त्याच्या फाटकाखाली वळवलं. वहिनी दोघांमध्ये चहाचे कप घेऊन फिरायची आणि दोघांकडून एकमेकांबद्दल ऐकून घ्यायची. एकदा मला म्हणाली, "दोघांनाही बापाची जीभ मिळालीय. हद्द तेवढी वेगळी मिळाली."

मग एक दिवस क्रेन आली आणि भावाने दगड उचलायला सुरुवात केली. रांगेतल्या लोकांना गहिवरून आलं. शेवटी रक्ताचं नातं, वगैरे बोलणी झाली. खरं काय ते वहिनीने सांगितलं. तो ताटावरून उठता उठता म्हणाला होता, "वाळू गेली तरी चालेल, पण ही बाई माझ्यासमोरून गेली पाहिजे."

दगड निघाल्यावर समुद्राने आपलं जुनं चालणं पुन्हा सुरू केलं. भावाकडचा फुगवटा प्रत्येक उधाणाला थोडा झिजायचा आणि पलीकडे सरकायचा. ताडपत्रीवालीचे बांबू हलायला लागले, तेव्हा तिने आपणहून तंबू उतरवला आणि स्वतःच्या जागेत, जुन्या चौथऱ्यापासून बरीच मागे, नवी शेड बांधली. वाळू आली, पण पूर्वीइतकी नाही. खोली तर परत येणार नव्हतीच. पुढच्याच वर्षी भावाचं फाटक आडवं झालं आणि अंगणाला मोठी भेग गेली.

मी तिला म्हटलं, शेवटी तुझंच खरं झालं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं घर पाण्यात गेलं. त्याचं जायच्या वाटेवर आहे. ह्यात काय खरं झालं, ते सांग मला."

फाटकाच्या जागी बांधायला वहिनीने तिच्याकडूनच एक ताडपत्री शिवून घेतली. तिने ती चोख शिवली, कडेला दुहेरी दोर घातला. भाऊ ती बांधत असताना शेडमधून आवाज आला, "गाठ चुकतेय. वाऱ्याने सुटेल."

कित्येक वर्षांनी ती त्याच्याशी भांडणाशिवाय आपणहून बोलली होती. भावाने गाठ तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ताडपत्री उडाली आणि पाण्यावर पडून काठाकाठाने तिच्या शेडपर्यंत आली. तिने ती ओढून घेतली, वाळत घातली आणि आठवड्याच्या आत एका होडीवाल्याला देऊन टाकली.